चौघांत बसवलेला स्वर्ग

जबलपुरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात आरती, अथर्वशीर्ष, अहवालवाचन, बक्षीस समारंभ हे सगळं होतंच. त्यावर काय लिहायचं? चिटणीस बदलले तरी अहवाल बदलत नाही. मी वाट पाहतो ती नाटकाच्या रात्रीची, त्यातही हिंदी व्यंग्यलेखक परसाईंची गोष्ट असली तर जास्तच.

हरिशंकर परसाई जन्माने होशंगाबादकडचे, पण लिहिलं जबलपुरात राहून. १९९५ साली गेले तेही इथेच. त्यांच्या ‘भोलाराम का जीव’ या कथेतला भोलाराम तर आमच्या घमापूर मोहल्ल्यातला, नाल्याकाठच्या दीड खोलीतला. नुसतं ‘घमापूर’ म्हटलं की अर्धं प्रेक्षागृह आपल्या मालकीचं काहीतरी सापडल्यासारखं खुलतं.

पूर्वी मंडळ तीन अंकी नाटकं करायचं. पुढे पोरं पुण्या-बेंगळुरूला गेली आणि तालमीला खात्रीने येणारे चारच उरले. कार्यकारिणीतल्या एका थोर सभासदांनी सुचवलं, ‘चौघांत कसलं नाटक करता, ऑर्केस्ट्रा आणा!’ ते मी अजून विसरलेलो नाही.

खरं तर चौघांमुळेच गोष्ट रंगली. पेन्शनची वाट पाहत मेलेल्या भोलारामचा जीव यमदूताच्या हातून निसटतो आणि पाच दिवस झाले तरी स्वर्गात पोचत नाही, म्हणून नारद पृथ्वीवर शोधायला येतो. इथे स्वर्ग, घर, कचेरी अशी तीन ठिकाणं आणि चिकार माणसं. आम्ही धर्मराजालाच मुकुट काढायला लावून मोठा साहेब केला. चित्रगुप्ताने चष्मा आणि रजिस्टर तेच ठेवलं, फक्त कानाला पेन्सिल लावली, की झाला बाबू. यमदूत झालेल्या वहिनी डोक्यावरून पदर घेऊन भोलारामची बायको व्हायच्या आणि पदर खोचून चपराशी. हे सगळं प्रेक्षकांसमोर, विंगेत न जाता. मुकुट खुर्चीच्या पाठीला लटकत राहायचा. वर आणि खाली माणसं तीच, हे कुणाला सांगावंच लागलं नाही. दहा-बारा नट असते तर हे हाती लागलं नसतं.

नरकात घरटंचाई कशी मिटली हे धर्मराज सांगतो, तो संवाद आयताच मिळाला: कच्च्या इमारती बांधणारे ठेकेदार आले, त्यांच्याशी संगनमत करून योजनांचे पैसे खाल्लेले इंजिनिअर आले, कामावर कधीच न आलेल्या मजुरांची हजेरी भरणारे ओव्हरसिअरही आले. आमचे प्रेक्षक गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाची दारूगोळा फॅक्टरी, रेल्वे, वीज मंडळातून निवृत्त झालेले. सगळ्यांत मोठ्याने कोण हसायचं, ते लिहीत नाही.

पण मला दरवेळी गलबलून येतं ते शेवटी. नारदाची वीणा अर्जांवरचं ‘वजन’, म्हणजे लाच, म्हणून साहेबाच्या टेबलावर जाते, फाइल येते, नारद मोठ्याने भोलारामचं नाव घेतो आणि फाइलीतून आवाज येतो: कोण हाक मारतंय? पोस्टमन का? पेन्शनची ऑर्डर आली का? हा आवाज मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ आजोबांचा. तालमीत त्यांना मी एकदाही सूचना दिली नाही. स्वर्ग नको, मी अर्जांतच अडकलोय, असं ते साध्या, थोड्या दमलेल्या सुरात म्हणायचे. पुढच्या रांगेतली हसणारी मंडळी तिथे एकमेकांकडे बघायची टाळायची.

पुढची रांग म्हणतोय खरा, पण महाप्रसादाला ओसंडून वाहणारा मांडव नाटकाला निम्मा रिकामा व्हायचा. पोळ्या संपल्या की काहींना दुसऱ्या दिवशीच्या ड्यूट्या आठवत. निवृत्तांनासुद्धा!

आता आभार, आणि कुणी राहायला नको. पेटीवाले काका, ज्यांनी नारदाला सूर दिला. बायकोच्या प्रवेशासाठी स्वतःची जुनी साडी देणाऱ्या मावशी. वीणेचा भोपळा दोनदा चिकटवणारे सुतारकाम शिक्षक. साहेबाच्या टेबलावरचे अर्ज वेळेवर उडावेत म्हणून टेबलफॅन धरून बसलेला नववीतला मुलगा. प्रॉम्प्टर ताई. चहावाला. लाइट गेल्यावर पेट्रोमॅक्स आणणारे शेजारचे गुप्ताजी. ते सभासद नाहीत, पण नाटक पूर्ण पाहतात. तालमीला गच्ची देणाऱ्या घरमालकीणबाई, आणि चौघांच्या घरची माणसं, ज्यांनी उशिरा जेवणं सोसली.

यंदा परसाईंच्याच ‘इन्स्पेक्टर मातादीन’ला चंद्रावर पाठवायचं ठरलंय. तिथल्या पोलिसांना तो आपली पद्धत शिकवतो आणि जखमीला मदत करणारा माणूसच खुनी ठरतो. पुन्हा चौघंच. तालीम रात्री नऊला, गच्चीवर. ऑर्केस्ट्रावाल्या सभासदांनाही निरोप गेलाय.