रेषा नसलेलं झाड

मंगळवार, रात्री

जुनं ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, बघताना मला एक खोड जडलीय. पात्रं बोलत असतात आणि माझं लक्ष मागच्या झाडाकडे. आज जेवणं आटोपल्यावर जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा ‘माय नेबर तोतोरो’ (१९८८) हा चित्रपट लावला आणि गोष्ट पुढे जाऊच न देता एकेक दृश्य थांबवत बसले. शेवटी घरच्यांनी रिमोट काढून घेतला. बरोबरच आहे त्यांचं.

थांबवलं की दिसतं ते असं. मुलीच्या गालाला, फ्रॉकला, बुटांना बारीक, एकसारखी रेघ. आत सपाट रंग, एक उजेडाचा, एक सावलीचा, संपलं. मागच्या झाडाला मात्र कुठेच रेघ नाही. ते नुसतं रंगाच्या पुंजक्यांनी उभं आहे. काळपट हिरव्यावर मधला हिरवा, त्यावर कुठेकुठे पिवळसर ठिपके, की पानांवर ऊन आलंच. मुलगी एका जगातली, झाड दुसऱ्या जगातलं, आणि तरी ती त्याच्या सावलीत उभी आहे हे आपण मुकाट्याने मान्य करतो. जुन्या ॲनिमेच्या चित्रांमध्ये जो एक मऊपणा जाणवतो, ज्याला लोक सरसकट ‘नॉस्टॅल्जिया’ म्हणून मोकळे होतात, तो मला वाटतं बराचसा या सांध्यात आहे.

कारण ही दोन जगं खरोखरच वेगळ्या हातांनी बनायची. पात्र काढायचं पेन्सिलने कागदावर. ती रेघ सेलवर, म्हणजे सेल्युलोज ॲसिटेटच्या पारदर्शक शीटवर उतरवायची, आधी हाताने शाईने आणि पुढे ट्रेस मशीनने. मग शीट उलटी करून मागच्या बाजूने रंग भरायचा. ब्रशचे फटकारे, रंगाचे थर सगळे मागे राहतात, पुढून दिसते फक्त स्वच्छ रेघ आणि सपाट रंग. पार्श्वभूमी रंगवणारी मंडळी निराळी, त्यांचा कागद निराळा, रंग निराळे. दोघांची भेट थेट कॅमेऱ्याखाली व्हायची. खाली रंगवलेला कागद, वर सेल, त्यावर काच दाबायची, एक फ्रेम टिपायची, सेल बदलायचा, पुन्हा काच.

त्यातली एक बारीक गंमत मला फार आवडते. सेल पारदर्शक म्हणतात खरा, पण पूर्ण नाही. एकावर एक तीन-चार ठेवले की सगळ्यात खालच्यावरचा रंग किंचित करडा, मळकट दिसतो. म्हणून कुठला सेल कितव्या थरावर येणार ते बघून रंग थोडा फिका निवडायचा. एकाच सदऱ्याचा एकच निळा, पण थराप्रमाणे वेगळ्या बाटलीतला! एवढं करूनही कुठेतरी फरक राहायचाच. शिवाय काच नीट दाबली गेली नसेल तर पात्राच्या कडेला एक पुसट सावली पडायची. टीव्हीवरच्या बहुतेक मालिका १६ मिलिमीटर फिल्मवर टिपलेल्या, त्यामुळे वर तिचा रवाळपणा. आज ज्याला ‘रेट्रो लुक’ म्हणतात तो या सगळ्या बारक्या तडजोडींची बेरीज आहे.

गुरुवार

‘तोतोरो’चं कलादिग्दर्शन काझुओ ओगा यांचं. जन्म १९५२, अकिता प्रांतातला, म्हणजे जपानच्या उत्तरेकडच्या शेतीच्या मुलखातला. चित्रपटातलं गाव टोकियोजवळच्या सायामा टेकड्यांच्या परिसरावर बेतलेलं, काळ १९५०च्या दशकातला. ओगांनी रंगवलेलं रस्त्याकडेचं गवत बघितलं की कळतं, हा माणूस गवताला गवत म्हणून थांबत नाही. उंच, बुटकं, वाळलेलं, तुडवलेलं, प्रत्येकाची वेगळी दखल.

आणि हे सगळं पोस्टर कलरमध्ये! त्यांची पसंती निकर नावाच्या जपानी कंपनीच्या पोस्टर कलरला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं. महाराष्ट्रात शाळेत जाऊन एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या कुणालाही पोस्टर कलर काय चीज आहे हे सांगायला नको. संकल्पचित्रात सपाट रंग लावताना पाण्याचा अंदाज चुकला की पट्टे उठतात, आणि वरून दुसरा हात मारावा तर खालचा रंग विरघळून वर येतो. आम्ही ज्या गुणाला वैतागायचो त्याचाच ओगा उपयोग करतात. कागद आधी पाण्याने भिजवून घ्यायचा, ओला असतानाच आकाश उतरवायचं, रंग एकमेकांत मुरू द्यायचे, आणि वाळल्यावर वरून दाट रंगाने पानं ठोकायची.

या आकाशात हमखास असतो तो उन्हाळी ढग. खालून सपाट, वर फुलत गेलेला, पांढराशुभ्र. जपानमध्ये पावसाळी हवा जुलैत सरते आणि मग शाळांची सुट्टी लागते ती ऑगस्टअखेरपर्यंत. त्या ढगात त्यांना सुट्टी दिसते, सिकाडा नावाच्या किड्यांची किरकिर ऐकू येते. आपल्याकडेही तसाच ढग मे महिन्याच्या शेवटी दुपारी चढतो, वळवाचा. तोही सुट्टीचाच, फक्त पुस्तकांना कव्हरं घालायची वेळ आलेली असते.

ॲनिमेतल्या स्थिरतेबद्दल लिहायचं राहिलं. १ जानेवारी १९६३ला ओसामु तेझुका यांची ‘तेत्सुवान आतोमु’, आपल्या ओळखीची ‘ॲस्ट्रो बॉय’, टीव्हीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा म्हणजे चित्रं वाचवणं आलंच. सेकंदाला २४ फ्रेम, पण चित्रं आठच, किंवा त्याहून कमी. पात्र स्तब्ध, फक्त ओठ हलताहेत. नुसतं आकाश, त्यावर कॅमेरा हळूच सरकतोय. मागे विजेचा खांब, तारा. सगळी काटकसर! पण त्या काटकसरीतून थांबण्याची एक रीत तयार झाली, आणि काही दिग्दर्शकांनी तिचं सोनं केलं. ओसामु देझाकी तर ऐन भावनेच्या क्षणी चित्र गोठवायचे आणि तो एक क्षण वेगळ्या पद्धतीने, खडूच्या आणि ब्रशच्या खुणा दिसतील असा रंगवून घ्यायचे. त्याला पुढे ‘पोस्टकार्ड मेमरी’ असं नाव पडलं. हलणाऱ्या चित्रात अचानक न हलणारं, आणि तेही जास्त मेहनतीचं. पैसे वाचवायची युक्ती इथे उलट खर्चाची झाली म्हणायची.

रविवार

सकाळपासून डोक्यात एकच: माझी ही आठवण नक्की कुणाची? मी काही सायामाच्या टेकड्यांवर वाढले नाही. माझ्या वाट्याला आलेलं ॲनिमे म्हणजे दूरदर्शनवरचा रविवार सकाळचा मोगली. निप्पॉन ॲनिमेशनची १९८९ची मालिका, पण ती जपानी आहे हे तेव्हा कोणाच्या गावी होतं! गाणं गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजांचं आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. शेरखान आपलाच माणूस वाटायचा. टोकियोच्या परिसरात बसून जपानी चित्रकारांनी मध्य भारतातलं जंगल रंगवायचं, तेही एका इंग्रजाच्या पुस्तकावरून, आणि ते आम्ही इकडे टीव्हीसमोर बसून आपलं म्हणून बघायचं. यात अस्सल काय आणि उसनं काय, शोधत बसण्यात अर्थ नाही.

‘तोतोरो’सुद्धा तयार झाला तेव्हाच मागे वळून बघत होता. १९८८ म्हणजे जपानमध्ये पैसा नुसता उतू जात होता, जमिनींचे भाव भडकले होते, आणि चित्रपट दाखवत होता तीस वर्षांपूर्वीची भातशेती आणि हातपंप. तेव्हाच्या तरुण प्रेक्षकांनाही ते गाव फारसं अनुभवाचं नसणार. म्हणजे हा हळवेपणा पहिल्यापासूनच थोडा रचलेला आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. रचलेला असला तरी मन लावून रचलाय.

२०२५च्या मार्च-एप्रिलात फोटोंवरून एआयने केलेल्या ‘तोतोरो’च्या थाटाच्या चित्रांचा पूर आला होता. आमच्या फॅमिली ग्रुपवर आत्यापासून भाच्यापर्यंत सगळे गुलाबी गालांचे झाले, गणपतीच्या आरतीचा फोटोही सुटला नाही. आत्या गोड दिसत होत्या, ते नाकारत नाही. पण मी झाडं बघितली. त्या चित्रांत झाडालाही माणसासारखीच रेघ, सगळीकडे एकच पिवळट उजेड. दोन हातांनी केलेलं काम एकाच हाताने केलं की सांधा जातो, आणि माझ्या लेखी त्याबरोबर मजाही जाते. लोकांना आवडलं, आवडू दे. मी आत्यांना हार्ट टाकलं.

खऱ्या सेलचं काय झालं? नव्वदीच्या अखेरीस स्टुडिओ एकेक करून संगणकावर रंग भरू लागले. १९६९पासून चालू असलेली ‘साझाए-सान’ मालिका सगळ्यात चिवट, तिने सेल सोडले ते २०१३मध्ये. उरलेल्या सेलमध्येही ॲसिटेट कुजत जातं, व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, शीट वेड्यावाकड्या होतात, एकमेकींना चिकटतात.

दुपारी चित्रकलेच्या क्लासमध्ये जोड्या लावल्या. एकाने कार्ट्रिज पेपरवर पार्श्वभूमी करायची, दुसऱ्याने पारदर्शक ओएचपी शीटवर पात्र काढून मागून रंगवायचं. प्लॅस्टिकवर पोस्टर कलर वाळला की पापुद्रे सुटतात, म्हणून त्यांना ॲक्रिलिक दिले. मागून रंगवायचं म्हणजे डोळ्यातली चमक सगळ्यात आधी, पांढरा पुढच्याच बाजूला येणार, हे एका मुलीने स्वतःहून ओळखलं. मी थक्क. खिडकीपाशी बसलेल्या जोडीचं मात्र बिनसलं. शीट कागदावर ठेवल्यावर मुलाचा हिरवा सदरा झाडात पार गडप! “ताई, ह्याला झाड बदलायला सांगा.” “मी का बदलू? तू सदरा बदल.” झाडावर तासभर घालवलेला तो, त्याचंही खरं होतं. बरीच हुज्जत झाली, आणि शेवटी सदरा लाल झाला.