तुम्ही विचारलंत म्हणून: बांगलादेश खरंच आपल्या पुढे गेला का?

आरोग्याच्या कार्यक्रमांवर बोलायला गेले की शेवटी कुणीतरी हमखास विचारतं, "ताई, बांगलादेशाला जमलं ते आपल्याला का नाही जमलं?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा बालमृत्यू, कुटुंबनियोजन आणि प्लास्टिकबंदी असते. पहिल्या दोन गोष्टींत तो देश बरीच वर्षं आपल्या पुढे होता, हे मी मोकळेपणाने मान्य करते. तिसरीत दोघंही अडखळलो. असं का झालं, ते सांगते.

आधी बालमृत्यूंचं एक मोठं कारण, जुलाबाचं घेऊ. 1971 मध्ये तिकडून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने थैमान घातलं. सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला घेतलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. उपाय असा आपल्या भूमीवर कसाला उतरला, पण तो घरोघरी नेला बांगलादेशाने. 1980 ते 1990 या काळात तिथल्या ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेच्या कार्यकर्त्या 1 कोटी 20 लाखांहून जास्त घरांत गेल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. नुसतं सांगून उठायचं नाही, आईच्या हातून ते पाणी करवून घ्यायचं. पुढे काही दिवसांनी दुसरंच कुणी येऊन त्यातली काही घरं तपासायचं आणि आईला किती आठवतंय, यावर त्या कार्यकर्तीचे पैसे ठरायचे. ही अट मला फार मोलाची वाटते. कुटुंबनियोजनाचंही तसंच: बायका दारोदार गेल्या. 1970 च्या सुमारास बाईमागे सहाहून जास्त मुलं होत, आता दोनच्या आसपास.

आता पिशव्या. 1988 आणि 1998 च्या पुरांत पातळ पिशव्यांनी ढाक्याची गटारं तुंबली. म्हणून 2002 मध्ये बांगलादेशाने त्यांच्यावर बंदी घातली, जगात सगळ्यांत आधी. आपल्याकडे 26 जुलै 2005 ला मुंबई बुडाली, राज्यात कडक बंदी 2018 मध्ये आली आणि देशभरात एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर 1 जुलै 2022 पासून. तरी बाजारात पिशवी दोन्हीकडे मिळतेच. 2024 मध्ये ढाक्याला तीच बंदी पुन्हा नव्याने लागू करावी लागली. कायदा दंडाची पावती घेऊन येतो. मासळी, दही, ओली भाजी कशात बांधायची, हे विक्रेत्याशी बसून बोलायला कुणी येत नाही.

दारापर्यंत जाणारी बाई आपल्याकडेही आहे. 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आशाताई आल्या. त्यांनी गावोगाव किती बाळं वाचवली असतील! पण सरकारदरबारी त्या आजही 'स्वयंसेविका' आहेत. मोबदल्याचा बराच भाग कामागणिक मिळतो आणि तो भेटींच्या, नोंदींच्या हिशेबाने. आई शिकली का, हे त्या हिशेबात सहसा येतच नाही. म्हणून मला विचारलंत तर आधी त्यांना नियमित पगार द्या. आणि मोजायचंच असेल, तर भेटी किती झाल्या यापेक्षा घरातल्या आईला आता काय करता येतं, ते मोजा.