बाटलीतल्या दोन चिठ्ठ्या

जुलैचा दुसरा आठवडा. कोल्हापूरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेलेला, आणि कॉलेजात निम्मी मुलं आलेलीच नव्हती. माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी मात्र प्रबंधातला तक्ता छातीशी धरून सकाळीच प्रयोगशाळेत हजर. रत्नागिरीजवळच्या भाट्ये खाडीतल्या पॉलिकीटांची, म्हणजे गांडुळाच्या नात्यातल्या समुद्री किड्यांची ती यादी होती. तिनं अकराव्या ओळीवर बोट ठेवलं.

"मॅडम, हे मार्फिसा सँग्विनिया नाव मी तुमच्या जुन्या बाटलीवरनं घेतलंय. पण माझ्या किड्यांशी वर्णन जुळंना झालंय."

बाटली कपाटातून काढली. आत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी, अक्षर माझंच, बारा वर्षांपूर्वीचं. काळजात लक्कन झालं.

किडा ट्रेमध्ये घेतला तसे प्रयोगशाळेतले आमचे शिपाई मामा वाकून बघायला लागले. "गांडूळच की ओ हे, मॅडम!"

उसाच्या रानात वाढलेल्या माणसाला तसंच वाटणार. दहावीच्या पुस्तकातही गांडूळ, जळू आणि नेरीस एकाच वलयांकित संघात शेजारी शेजारी असतात. मी मामांना सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला. प्रत्येक वलयाच्या दोन्ही बाजूंना पायांसारखे परापाद, त्यांतून बाहेर आलेले दृढरोमांचे, म्हणजे राठ केसांचे झुपके, डोक्यावर पाच शृंगिका, पाठीकडं फण्यासारखे कल्ले. हा किडा जिवंत असतो तेव्हा हे कल्ले रक्तानं लाल दिसतात. चिखलातून तो ओढून काढला की आधी तोच रंग डोळ्यांत भरतो. मामा बराच वेळ बघत राहिले.

वंश मार्फिसाच, त्यात वाद नव्हता. अडचण पुढच्या, जात सांगणाऱ्या शब्दाची होती. सँग्विनिया हे नाव 1813 साली माँटेग्यू या निसर्ग-अभ्यासकानं इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावरच्या किड्याला दिलं. पुढं कुठल्याही समुद्रात तसा किडा सापडला की त्याला तेच नाव मिळत गेलं. आपल्याकडं आजही ओळख पटवताना फोव्हेलचा भारतातल्या पॉलिकीटांवरचा 1953 चा ग्रंथ हाताशी लागतोच, आणि युरोपातली कितीतरी नावं इथल्या किड्यांना लागली ती अशाच वाटेनं. 2003 साली हचिंग्ज आणि काराजिओर्गोपूलोस यांनी सँग्विनियासाठी इंग्लंडमधला नवा प्रमाण नमुना (नावाची ओळख ज्याच्याशी ताडायची तो) ठरवला आणि त्याचं वर्णन बारकाईनं पुन्हा लिहिलं. त्याच कामात ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरची एक वेगळी, नवीच जात नोंदवली गेली. हे सगळं मी वर्गात शिकवलेलं आहे. स्वतःच्या बाटलीकडं मात्र परत वळून पाहिलं नव्हतं.

एक परापाद बारीक कात्रीनं कापला, ग्लिसरिनमध्ये ठेवून वर काच टाकली. परापादाच्या आत काळपट आधारकाड्या असतात. त्यांच्या खालच्या बाजूचा झुपका बघायचा. सँग्विनियात तिथले दृढरोम जोड असलेले असतात, दांडा वेगळा आणि टोकाचं पातं वेगळं. आमच्या किड्यात ते सलग होते, एकाच धाग्यासारखे, टोकाकडं निमुळते.

विद्यार्थिनी म्हणाली, "पातं मोडलं असंल तर?"

प्रश्न अगदी नेमका होता आणि मला त्याचा फार आनंद झाला. पातं गळून पडलं तरी दांड्याचं टोक जाड, खाचेचं राहतं, निमुळतं होत नाही. तरी एका परापादावर विसंबायचं नाही म्हणून पुढचे, मधले, शेवटचे परापाद घेतले, तिच्या अलीकडच्या नमुन्यांतलेही घेतले, लहान-मोठे असे पाच किडे. दुपारी लाईट गेली तेवढा वेळ सोडला तर आम्ही संध्याकाळपर्यंत उठलो नाही. जोड असलेला एकही दृढरोम मिळाला नाही.

म्हणजे बारा वर्षांपूर्वी मी शृंगिका मोजल्या, कल्ले पाहिले आणि पुस्तकातलं ओळखीचं नाव लिहून मोकळी झाले. दृढरोमांची स्लाइड केलीच नव्हती. हे मला अजून लागतं. माझी चिठ्ठी हिच्या प्रबंधात, प्रबंधातून पुढच्या कुणाच्या यादीत, आणि इंग्लंडचा किडा कोकणात कायमचा नांदायला आला असता. कोळंबीच्या बीजोत्पादनात मादी-नरांना असे किडे खाऊ घालतात. उद्या कुणी हा किडा पाळायला घेतला, तर त्याच्या विणीचा हंगाम डेव्हनच्या थंड पाण्यातल्या किड्याच्या माहितीवरून ठरवणार का?

मग हा कोण? सलग दृढरोमांचे मार्फिसा वेगळ्या गटात मोडतात. मोझांबिकमधून नोंदवलेली मोसांबिका ही जात त्यातलीच. शिवाय सदर्न नावाच्या अभ्यासकानं 1921 साली ओडिशातल्या चिलिका सरोवरातून वर्णन केलेली ग्रॅव्हेली ही जातही निमखाऱ्या पाण्यातली, तीही ताडून पाहायला हवी. घाईनं यातलं एखादं नाव लावलं असतं तर मी जुनीच चूक पुन्हा केली असती. डीएनए तपासायचा तर माझा नमुना बिनकामाचा, फॉर्मलिननं त्याची वाट लावलेली. ताजे किडे थेट अल्कोहोलमध्ये हवेत.

नवी चिठ्ठी विद्यार्थिनीनं लिहिली: मार्फिसा, जात अनिश्चित. खाली तारीख आणि ओळख तपासणारे म्हणून आम्हा दोघींची नावं. जुनी चिठ्ठी ती काढून टाकायला निघाली होती, मी थांबवलं. जुनी चिठ्ठी फेकत नाहीत, नवी तिच्या सोबत बाटलीत सोडतात. माझं चुकलेलं नाव तिथंच राहील, वाचता येईल असं.

मामा कॅलेंडर घेऊन आले. अमावास्येला ओहोटी खोल जाते, तेव्हा चिखल उघडा पडतो. "दहा दिवस हाईत," ते म्हणाले, "तवर आंबा घाट चालू राहू दे म्हंजे झालं."