अस्वलाच्या पोटात ऑक्टोबर

पुण्यात चतुःशृंगीच्या जत्रेत आज आमचं अस्वल, ससा आणि भला मोठा वाघ हजर होते, म्हणजे तसे पोशाख घातलेली आमची माणसं. सेनापती बापट रस्त्यावर नवरात्राची गर्दी, त्यात ऑक्टोबरचा उकाडा. बाहेरच्यांना घाम फुटतो, तर फोम आणि फरच्या आत काय होत असेल! डोक्यात छोटा पंखा असतो, पण तो गरम हवाच फिरवतो. म्हणून नियम कडक: वीस मिनिटं आत, मग मुखवटा उतरवून ताक-पाणी. पैसे देणारा कितीही कुरकुरला तरी.

दिसतं ते तोंडातल्या जाळीतून, तेही समोरचंच. पायाशी आलेलं पोर दिसत नाही. त्यामुळे प्रत्येकाबरोबर एक सोबती लागतोच, आणि बुकिंग करणारे नेमकी त्याच्याच पैशांवर घासाघीस करतात. "तो नुसता उभा तर असतो!" अहो, तो शेपटी ओढणाऱ्यांना आवरतो म्हणून वाघ उभा असतो.

आज एक आजी अस्वलाला म्हणाल्या, "आमच्या गावात बहुरूपी यायचा, पोलीस बनून दम द्यायचा. तू बोलत का नाहीस रे?" आत आमचा पोरगा हसून बेजार, पण अस्वल बोलत नाही म्हणजे नाही. त्याने वाकून नमस्कार केला. आजींनी दहाची नोट पंजात कोंबली. (बहुरूप्याचं पोट बोलण्यावर चालायचं, आम्ही गप्प राहण्याचे पैसे घेतो.)

आता हॉलमध्ये तिन्ही पोशाख उलटे करून पंख्याखाली वाळतायत. उद्या संध्याकाळी परत जायचंय. सोबत्याची एक जागा रिकामी आहे. पोरांवर न ओरडता शेपटी सोडवता येत असेल तर मेसेज करा.