अंडर द वेदर की अंडर अ क्लाउड? माझा वेदरवाल्या इडियम्सचा अनुभव

सुरुवात एका मेलपासून झाली. टीममधल्या एकाला ताप आला होता, तो मीटिंगला येणार नव्हता आणि सगळ्यांना कळवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. नुसतं सिक लिहिणं फारच साधं वाटलं म्हणून म्हटलं एखादा इंग्रजी इडियम, म्हणजे वाक्प्रचार, टाकू, आणि लिहून मोकळा झालो की ही इज अंडर अ क्लाउड टुडे. लिहायचं होतं अंडर द वेदर, म्हणजे जरा बरं नाहीये, अंगात कसकस आहे वगैरे. अंडर अ क्लाउड म्हणजे त्या माणसावर संशय आहे, कसल्यातरी भानगडीत नाव आलंय. दहा मिनिटांत वरून मेसेज, काय केलं त्याने?? बिचारा तिकडे तापाने फणफणलेला आणि इकडे मी त्याला आरोपी करून ठेवलेलं.

आता त्याआधी मी अभ्यास केला नव्हता असं नाही हां. पन्नास इडियम्सची एक यादी घेऊन चांगली घोकली होती, गडबड तिथेच झाली. ढग पाऊस वारा वादळ एका दमात पाठ केलं की डोक्यात सगळ्याची खिचडी होते. नंतर शांतपणे बघितल्यावर लक्षात आलं की ऑन क्लाउड नाइन म्हणजे आनंदात तरंगणारा, हेड इन द क्लाउड्स म्हणजे स्वप्नाळू, आणि अंडर अ क्लाउड म्हणजे संशयित. ढग तेच, तुम्ही वर आहात, आत आहात का खाली आहात त्यावर सगळा खेळ. मग मी यादी फेकली आणि इडियम वहीत लिहिताना अख्खं वाक्यच लिहायला लागलो, ऑन, इन, अंडर सकट, आणि कोण कुणाला कधी म्हणालं तेही शेजारी.

रेन चेकने पण माझा चांगलाच पोपट केला. एकीला संध्याकाळी कॉल करू का विचारलं तर ती म्हणाली कॅन आय टेक अ रेन चेक, आणि मी खरोखर मोबाईलवर हवामान बघून तिला कळवलं की आज पाऊस नाहीये. ती आत्ता नको, पुन्हा कधीतरी करू असं गोड शब्दांत सांगत होती. हे आलंय अमेरिकेतल्या बेसबॉलमधून, 1880 च्या दशकात पावसाने मॅच रद्द झाली की प्रेक्षकांना दुसऱ्या मॅचला चालेल असं तिकीट मिळायचं, तोच रेन चेक. ही गोष्ट कळल्यावर अर्थ परत कधी विसरलो नाही. यावर उत्तर एवढंच द्यायचं, शुअर, सम अदर टाइम.

गोष्टीमुळे लक्षात राहिलेला दुसरा म्हणजे स्टील समवन्स थंडर. असं सांगतात की 1709 मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात जॉन डेनिस नावाच्या नाटककाराने स्वतःच्या नाटकासाठी ढगांच्या गडगडाटाचा आवाज काढायची नवी युक्ती शोधली, नाटक काही चाललं नाही, पण थोड्याच दिवसांत त्याच थिएटरात शेक्सपिअरच्या नाटकाला तोच गडगडाट ऐकू आला आणि हा प्रेक्षकांतून ओरडला की माझा गडगडाट चोरला! म्हणजे टाळ्या ज्याला मिळायच्या त्याच्या आधी आपण घेऊन जाणं.

सगळ्यात जास्त फायदा मात्र मराठीमुळे झाला. अर्थ पाठ करायच्याऐवजी अशा वेळी आपण काय म्हणालो असतो ते शोधायचं. इट नेव्हर रेन्स बट इट पोर्स, की झालंच दुष्काळात तेरावा महिना. आय हॅवन्ट द फॉगिएस्ट म्हणजे सुतराम कल्पना नाही. गेट विंड ऑफ समथिंग म्हणजे कुणकुण लागणे, स्टॉर्म इन अ टीकप तर सरळ पेल्यातलं वादळ. गंमत बघा, इंग्रजीत पाऊस बहुतेक वेळा वैतागच, सेव्ह फॉर अ रेनी डे म्हणजे अडीअडचणीसाठी साठवा, रेन ऑन समवन्स परेड म्हणजे कुणाच्या आनंदावर विरजण घालणं. आपण पावसाची वाट बघणारे लोक, आपल्याला रेनी डे म्हटल्यावर अडचण पटकन आठवत नाही. तरी मध्येच राईट अॅज रेन म्हणजे एकदम ठणठणीत, हा कुठून घुसला देव जाणे.

आणि ते शाळेपासून ऐकलेलं रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज, मी एवढ्या वर्षांत एकाही इंग्रजी बोलणाऱ्याच्या तोंडून सहज आलेलं ऐकलं नाही. इट्स पोरिंग म्हणतात आणि पुढे जातात. मी एकदा हौसेने वापरलं तर समोरचा आजोबांकडे बघावं तसा हसला. त्यामुळे आता माझा नियम, आधी दोनतीन वेळा कुणाकडून तरी ऐकायचं, मगच आपण तोंड उघडायचं. आय एम स्नोड अंडर, म्हणजे कामाखाली गाडलो गेलोय, हा असाच ऐकून ऐकून बसला आणि आता रोजचा झालाय, काम नसलं तरी.

एकच अजून तसाच पडून आहे, थ्री शीट्स टु द विंड. मला वाटायचं दोरीवर चादरी वाळत घातल्यात. शीट म्हणजे शिडाचा दोर निघाला, दोर सुटले की शीड फडफडतं आणि जहाज झोकांड्या खातं, म्हणजे माणूस फुल टाइट. वहीत लिहून ठेवलाय, ऑफिसच्या मेलमध्ये टाकायची अजून हिंमत होत नाही.