तंबूतून यमुनेकाठी

मथुरा सोडून आग्र्याच्या वाटेला लागलं की आधी तेलशुद्धीकरण कारखाना लागतो, मग मोहरीची पिवळी शेतं सुरू होतात आणि मधेच फरह नावाचं गाव येतं. वृंदावनाहून ताजमहालाकडे धावणाऱ्या गाड्या इथे सहसा थांबत नाहीत. आम्ही मात्र इथेच हमरस्ता सोडला आणि यमुनेच्या बाजूला वळलो. चुरमुरा गावाजवळ वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेने उत्तर प्रदेश वनखात्याच्या साथीने २०१० साली सर्कशीतून आणि साखळीतून सोडवलेल्या हत्तींसाठी आसरा उभा केला आहे. जवळच, नोव्हेंबर २०१८ मध्ये, देशातलं पहिलं हत्तींचं इस्पितळही सुरू झालं. ती बातमी वाचूनच जानेवारी २०१९ मध्ये मी झेलम एक्सप्रेसचं तिकीट काढलं होतं. सोबत मावसबहीण होती. ती जनावरांची डॉक्टर. उत्तरेतल्या धुक्याने गाडीला व्हायचा तो उशीर झाला, त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

मी सांगलीकडची. आमच्या भागात सर्कस ही अभिमानाची गोष्ट आहे आणि तो अभिमान खोटा नाही. कुरुंदवाड संस्थानाच्या पदरी असलेल्या विष्णुपंत छत्र्यांनी २० मार्च १८८० रोजी मुंबईत पहिला खेळ केला. भारतीय सर्कशीचा जन्म तिथून धरतात. मग म्हैसाळची देवल सर्कस, कार्लेकरांची सर्कस. ही नावं मी घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकतच मोठी झाले. झोपाळ्यावरची कसरत, तारेवरचं चालणं, घोड्यावर उभं राहून मारलेली फेरी, या सगळ्याबद्दल मला आजही मनापासून आदर आहे. पण माणूस कसरत शिकतो तेव्हा त्याला आपण काय करतोय हे कळत असतं आणि नको झालं तर तो सोडून जाऊ शकतो. अडीच-तीन टनांची हत्तीण लहानशा स्टुलावर चारी पाय गोळा करून उभी राहते किंवा मागच्या दोन पायांवर उठते, ती अंकुशाच्या भीतीने. रानातल्या हत्तिणीच्या दिवसात ही हालचाल कुठे बसत नाही. लहानपणी आम्ही तिच्या त्या उभं राहण्याला टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचं पुढे काय झालं, ते मला बघायचं होतं.

केंद्रात शिरल्यावर मी हत्तींच्या सोंडा, कान, डोळे बघत होते. बहिणीची नजर थेट पायांवर गेली. "अगं, वर काय बघतेस? तळवे बघ," ती म्हणाली. आणि त्यानंतर मीही तेच बघत राहिले.

हत्ती एका अर्थाने बोटांवर चालतो. टाचेच्या जागी चरबीची जाड गादी असते, तिच्यावर सगळा भार पेलला जातो. रानात माती, वाळू, चिखल, गवत तुडवत मैलोन्‌मैल चालताना तळवा आपोआप झिजतो आणि नखं घासली जातात. सर्कशीत खेळाचा वेळ सोडला तर हत्ती साखळीला बांधलेला असतो. खाली काँक्रीट किंवा कडक जमीन, तिच्यावर त्याचंच शेण-मूत. ओलीने तळवा भुसभुशीत होतो, नखं न झिजता वाढतात, तडकतात, मुळाशी पू धरतो. आत शिरलेला जंतू हाडापर्यंत पोचला की उपाय फार थोडे उरतात. जगभर माणसाच्या ताब्यातले हत्ती मरण्यामागे पायांचे आणि सांध्यांचे आजार हे फार मोठं कारण आहे.

म्हणून इथल्या दिवसाचा मोठा भाग पायांवरच जातो. आम्ही पाहिलं ते असं. माहुताने केळी पुढे केली आणि एका विशिष्ट आवाजात हाक दिली. हत्तिणीने पाय उचलून आडव्या दांड्यावर ठेवला. दुसऱ्या माणसाने कोमट पाण्याने तळवा धुतला, कानस घेऊन नखांच्या कडा घासल्या, भेगेत औषध भरलं. मधेच तिला कंटाळा आला आणि तिने पाय काढून घेतला. कुणीही ओरडलं नाही. थोडा वेळ गेला, पुन्हा हाक, पुन्हा केळं, पुन्हा पाय. अंकुश कुठेच नव्हता. ज्या जनावराला आयुष्यभर पाय उचलायला मारून शिकवलं, ते आता स्वतःहून पाय पुढे करतं आणि नको वाटलं तर मागे घेतं. हे 'नको' ऐकून घेणं मला त्या सगळ्या केंद्रातली सर्वांत मोठी गोष्ट वाटली.

इस्पितळात क्ष-किरण यंत्र आहे, सोनोग्राफी आहे, लेसरचे उपचार आहेत, सूज कुठे आहे ते उष्णतेवरून दाखवणारा कॅमेरा आहे, उठता न येणाऱ्या हत्तीला उचलून धरणारी यारी, म्हणजे क्रेन आहे. बहीण तिथल्या डॉक्टरांशी बराच वेळ बोलत राहिली, त्यातलं मला निम्मंच कळलं. माझं लक्ष आवारातल्या मातीच्या ढिगांकडे होतं. ते कशासाठी, असं एका माहुताला विचारलं. तो म्हणाला, "टेकून झोपायला, दीदी. सपाट जमिनीवर आडवी झाली तर गुडघे साथ देत नाहीत, उठता येत नाही." वर्षानुवर्षं उलटसुलट कसरतींनी सांधे झिजलेल्या हत्तिणी आडव्या व्हायलाच घाबरतात. ढिगाला अंग टेकून त्या कलत्या झोपतात.

सूझीला आम्ही लांबून पाहिलं. ती २०१५ साली आंध्रातल्या एका सर्कशीतून आली. दोन्ही डोळ्यांनी आंधळी. हत्तीला जन्मभरात दाढांचे सहा संच येतात, एक झिजला की मागून दुसरा सरकतो. शेवटचा झिजला की रानातला म्हातारा हत्ती उपाशी मरतो. सूझीच्या दाढा उरल्या नव्हत्या, म्हणून तिचं खाणं मऊ करून दिलं जात होतं. तिचा माहूत पुढे चालताना सतत काहीतरी बोलत होता. हवापाण्याचं, आज कोण आलंय याचं, जे सुचेल ते. त्या आवाजाच्या मागे ती सोंडेने जमीन चाचपत येत होती. तो क्षणभर गप्प झाला की ती थांबायची.

मिया आणि रिया यांची गोष्ट तिथेच ऐकली. दोघी तमिळनाडूतल्या एकाच सर्कशीतल्या, वर्षानुवर्षं शेजारी बांधलेल्या. मियाला २०१५ च्या अखेरीस बाहेर काढलं. रियाचे कागद अडकले आणि ती मागे राहिली. काही महिन्यांनी, २०१६ मध्ये, परवानगी मिळाली आणि रियाही मथुरेला आली. गाडीतून उतरताच दोघींनी एकमेकींना सोंडांनी चाचपून काढलं, तोंडात सोंड घातली. हत्तींमध्ये ती ओळखीची, विश्वासाची खूण असते. आम्ही गेलो तेव्हा दोघी एकाच कुंपणात होत्या आणि एक हलली की दुसरी हलत होती.

कागद अडकले, हे वाक्य ऐकायला साधं आहे. पण हत्ती सोडवण्यातलं बहुतेक झगडणं तिथेच होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हत्ती पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. तो पाळायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाचं मालकी प्रमाणपत्र लागतं, त्याची विक्री करता येत नाही, राज्याबाहेर न्यायचा तर पुन्हा परवानगी. त्यामुळे कुणी दयाळू माणसाने पैसे मोजून हत्ती विकत घ्यावा आणि सोडवावा, असं इथे होत नाही आणि होऊही नये. एक विकला गेला की त्याच पैशात दुसरं पिल्लू आणायचा मोह होतो. डेन्मार्कच्या सरकारने २०१९ मध्ये तिथल्या सर्कशींमधले शेवटचे चार हत्ती १ कोटी १० लाख क्रोनर देऊन घेतले. तिथे ते चालून गेलं, कारण मागोमाग सर्कशीत हत्ती आणायचं दारच बंद करायचं सरकारने ठरवलं होतं.

आपल्याकडे १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ बंद केले. सर्कसवाले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००१ मध्ये हरले. त्या यादीत हत्ती नव्हता. तंबूतले वाघ-सिंह गेले तरी हत्ती राहिले. पुढे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने सर्कशींना प्राणी ठेवायला दिलेल्या मान्यता काढून घेतल्या तेव्हा कुठे त्यांच्या सुटकेला वेग आला. हा मधला काळ सूझीसारख्यांच्या आयुष्यातून गेला, याचा मला राग येतो आणि तो लपवावा असं वाटत नाही.

परवानगी हातात आली तरी हत्ती गाडीत चढवायचा असतो. त्याच्या आठवणीत गाडी म्हणजे पुढचा मुक्काम, पुढचा तंबू. ओढून चढवला तर तो बिथरतो, स्वतःलाही जखमी करतो. उतरणीची फळी लावायची, ऊस-केळी आत ठेवायची आणि वाट बघायची. कधी त्यात अख्खी रात्र जाते. तमिळनाडूहून मथुरा म्हणजे दोन हजार किलोमीटरच्या आसपास. हळू चालवायचं, वाटेत थांबून पाणी, चारा, पाय मोकळे करणं. पशुवैद्य बरोबर असतो. हे ऐकताना बहीण मान डोलावत होती. तिने म्हशीसुद्धा गाडीत चढवताना काय होतं ते पाहिलेलं आहे.

"एवढं करता, मग रानातच का सोडत नाही?" हा प्रश्न आमच्याबरोबरच्या एका पाहुण्याने विचारला. प्रश्न रास्त आहे. पण लहानपणीच कळपापासून तोडलेल्या हत्तीला काय खावं, पाणी कुठे शोधावं, इतर हत्तींशी कसं वागावं, हे शिकवायला कुणी नव्हतं. त्याला माणसाची भीती नाही, म्हणून तो सरळ गावाकडे, शेताकडे येणार. शिवाय माणसाचा क्षयरोग हत्तीला होतो आणि तो रानातल्या कळपात पोचला तर अनर्थ. आणि हे तळवे, हे गुडघे घेऊन रानात किती चालणार? माझ्या मते आसरा म्हणजे स्वातंत्र्य नव्हे आणि तिथल्या कुणी तसा दावाही केला नाही. जे हिरावलं ते परत देता येत नाही, म्हणून निदान दुखणं कमी करायचं, सोबतीला दुसरा हत्ती द्यायचा आणि दिवस त्यांच्या मर्जीने जाऊ द्यायचा. अमेरिकेत टेनेसीमधल्या हत्ती अभयारण्यात १९९९ साली शर्ली आणि जेनी या दोन हत्तिणी भेटल्या. एकेकाळी एकाच सर्कशीत असलेल्या, वीसहून अधिक वर्षं ताटातूट झालेल्या. त्यांनाही कुणी त्यांच्या मूळच्या सुमात्राच्या जंगलात परत नेऊ शकलं नाही. पण उरलेला काळ त्या एकत्र राहिल्या.

निघण्याआधी आपल्याकडचा एक ओळखीचा भेटला. सातारा जिल्ह्यातल्या औंधचा गजराज हत्ती. सर्कशीतला नव्हे, औंधच्या यमाई देवीच्या सेवेतला, जून २०१७ मध्ये इथे आणलेला. पन्नास वर्षांच्या आसपास तो औंधात होता. तिकडच्या लोकांचा त्याच्यावर जीव होता, हे मला ठाऊक आहे. पण दुखरे पाय तेच, कडक जमीन तीच, साखळी तीच. त्याला मऊ मातीवर उभा पाहून सातारकरांनी एकदा तरी इथे यावं असं फार वाटलं.

संध्याकाळी यमुनेच्या वाळूवर हत्ती फिरायला निघतात, तेव्हा पाहुण्यांना ठराविक अंतरावरच थांबावं लागतं. हात लावू देत नाहीत, सवारी तर नाहीच. थंडी कडाक्याची होती. गावातल्या बायकांनी हत्तींसाठी रंगीबेरंगी लोकरीची पांघरुणं विणली आहेत, त्यातली काही तेव्हा अंगावर होती.

जायचं असेल तर संस्थेकडे आधी नोंदणी करून जा, आयत्या वेळी दारात उभं राहून आत सोडत नाहीत. थंडीत गरम कपडे न्या. वेळ असेल तर आग्र्याजवळ कीठमच्या तळ्याकाठी याच संस्थेचं अस्वलांचं केंद्र आहे, तेही बघा. दरवेशांच्या दोरीला नाचणारी अस्वलं तिथे येऊन निवांत झाली. आणि लग्नाच्या वरातीत, मिरवणुकीत, जयपूरच्या किल्ल्यावर हत्तीची सवारी कुणी पुढे केली, तर नाही म्हणा. २०२२ च्या दुरुस्तीने धार्मिक आणि इतर कारणांसाठी हत्तीच्या हस्तांतराला कायद्यात वाट ठेवली आहे, त्यामुळे तंबू रिकामे झाले तरी साखळ्या अजून वापरात आहेत.