आजची भाकर आणि मम्मीची बाटली

मम्मीच्या उशीमागे पाण्याची बाटली सापडली तो सोमवार होता, म्हणजे डायलिसिसचा दिवस. कोल्ड्रिंकची छोटीशी बाटली, 200 मिलीची, लेबल सोलून काढलेलं आणि आत नळाचं पाणी. चादर बदलायला उशी उचलली तर घरंगळत खालीच आली.

ज्यांच्या घरात हे नाही त्यांना एका बाटलीचं एवढं काय वाटेल, म्हणून सांगते. मम्मीला दिवसाला 800 मिली पाणी चालतं, आणि त्यात चहा, आमटी, ताक, गोळ्यांसोबतचा घोट सगळं आलं. सकाळी मी स्टीलच्या तांब्यात मोजून भरून ठेवते, तो संपला की संपला. किडनी पाणी बाहेर टाकत नाही, मग ते अंगातच साठतं, आधी पाय सुजतात मग दम लागतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार चार-चार तास मशीनवर बसायचं, बसायच्या आधी वजन करायचं, आणि ड्राय वेटपेक्षा (म्हणजे जादा पाणी नसतानाचं वजन) जितकं जास्त भरेल तितकं पाणी मशीन ओढून काढणार. दोन-सव्वादोन किलो जास्त असलं तर निभावतं. त्या सोमवारी 3 किलो 800 ग्रॅम जास्त! टेक्निशियन मुलगा म्हणाला, "मावशी, समुद्र प्यालात का काय." तो हसला, मम्मी पण हसली, मला काही हसू आलं नाही. एवढं पाणी एकदम काढलं की बीपी पडतं, पोटरीत गोळे येतात आणि मम्मी ओठ दाबून गप्प बसते, ते बघवत नाही.

घरी आल्यावर मी बोलले. नको तितकं बोलले. त्यावर मम्मीने जे उत्तर दिलं ते पुढे सांगते, पण त्याआधी भाकरीचं सांगायला पाहिजे.

आम्ही मूळ नगरचे (कागदावर आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं). मम्मी शाळेत शिक्षिका होती आणि रविवारी संडे स्कूलला पण तीच शिकवायची, म्हणजे आम्हाला सुट्टी कधी नव्हतीच. प्रभूची प्रार्थना आम्ही बोलायला लागलो तेव्हापासून पाठ आहे, त्यातलं "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" म्हणताना मला लहानपणी खरोखरची भाकरी दिसायची, ज्वारीची, टम्म फुगलेली, एका बाजूला जरा करपलेली. कॉन्व्हेंटमधली शेजारची मुलगी इंग्रजीत म्हणायची तर तिच्या देवाकडे ब्रेड होता. मला वाईट वाटायचं तिचं, ब्रेडने काय पोट भरतं का?

भाकरीचं वेड घरात आलं मम्मीच्या आजीकडून, म्हणजे माझ्या पणजीकडून. ती छप्पनच्या दुष्काळातली, 1899-1900 चा तो दुष्काळ (विक्रम संवत 1956 म्हणून छप्पनचा). पाच-सहा वर्षांची असताना आईबाप गेले आणि कोणीतरी तिला नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या अनाथाश्रमात आणून सोडलं, तिथेच वाढली, तिथेच बाप्तिस्मा झाला. तेव्हा अशी मुलं खूप होती. त्याच दुष्काळात पंडिता रमाबाई केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुली घेऊन आल्या, आणि त्यांचे स्वतःचे आईवडील त्याआधीच्या एका दुष्काळात उपासमारीनेच गेलेले होते. आमच्याकडे त्यांचं नाव निघालं की मम्मी अजून "बाई" एवढंच म्हणते, जसं काही ओळखीच्या आहेत.

तर पणजी. मम्मी लहानपणी तिच्याजवळ झोपायची. पणजी रोज रात्री मोठ्याने प्रार्थना करायची, रोजची भाकर आज दे म्हणायची, आमेन म्हणायची आणि मग गोधडीखाली हात घालून चाचपून बघायची. तिथे फडक्यात गुंडाळलेली चतकोर भाकरी असायची. रोज. घरात तेव्हा खायला कमी नव्हतं, मुलगा कमावता होता, पण ती चतकोर हाताला लागल्याशिवाय तिला झोप येत नसे. सकाळी ती वाळकी भाकरी कोंबड्यांना आणि रात्री नवी चतकोर गोधडीखाली. उंदीर यायचे म्हणून सून कटकट करायची, पण पणजीने शेवटपर्यंत ऐकलं नाही.

ही गोष्ट मम्मी नेहमी हसून सांगायची. मला तेव्हा वाटायचं की पणजीचा विश्वास जरा कच्चाच असणार. आता वाटत नाही.

कारण माझं सांगते. रात्री तीनला जाग येते, मम्मीचा श्वास नीट चालू आहे ना ऐकते आणि मग मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडते. डायलिसिस आठवड्याला 3, वर्षाला 156, आत्तापर्यंत साडेतीनशेच्या वर झाले, अजून किती? योजनेत बसतं म्हणून मशीनचे पैसे वाचतात पण इंजेक्शनं, रिक्षा, माझ्या सुट्ट्या, दादा नाशकात, फिस्टुला (डायलिसिससाठी हातात जोडून केलेली नस) बंद पडला तर काय, माझीच तब्येत बिघडली तर कोण. असं पुढच्या दहा वर्षांचं दुःख मी एका रात्रीत गोळा करून ठेवते. "ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे" हे वचन फ्रिजवर चिकटवलेलं आहे, त्याच्यासमोर उभं राहून पाणी पिते आणि परत येऊन हिशोब पुढे चालू.

मागे काही ओळखीचे लोक घरी प्रार्थनेला आले होते. मनाने चांगलेच. पण जाता जाता एकजण म्हणाले की ताई, विश्वास पूर्ण असेल तर मशीन सुटेल. मम्मीने चहा दिला, सलाम केला, दार लावलं आणि म्हणाली, "पौलाचा काटा तीनदा मागून निघाला नाही, त्याचा काय विश्वास कमी होता का?" (बायबलमधला प्रेषित पौल, शरीरातला काटा काढ म्हणून त्याने देवाला तीनदा विनवलं होतं.) मला या 'पूर्ण विश्वास'वाल्यांचा खरंच राग येतो, आजारी माणसाच्या डोक्यावर आणखी एक परीक्षा ठेवून जातात, आणि नापास झाला तर तोच जबाबदार.

मला जो आधार मिळतो तो असा मोठा नसतोच. फिस्टुलावर बोट ठेवलं की खाली बारीक थरथर लागते, मांजर गुरगुरतं ना तशी. ती लागली म्हणजे नस चालू आहे. रोज सकाळी मी मम्मीच्या हाताला बोट लावते, थरथर लागते आणि आपोआप तोंडातून निघतं, प्रभू तुझे उपकार. झाली माझी सकाळची उपासना. कधी कधी दिवसभरात तेवढीच.

आणि आमच्या शेजारच्या बेडवरचे काका. वारकरी आहेत, गळ्यात माळ, मोबाईलवर हळू आवाजात हरिपाठ चालू असतो. मम्मी मशीनवर असताना डोळे मिटून टिळकांचे अभंग गुणगुणते. एकदा काकांनी मोबाईल बंद केला आणि विचारलं, "मावशी, हा अभंग तुकोबांचा का?"

"टिळकांचा."

"लोकमान्यांनी अभंग लिहिले?"

"नाही हो, आमचे टिळक. रेव्हरंड. नारायण वामन." मग मम्मीतली शिक्षिका जागी झाली आणि मशीनवरूनच तास सुरू, की हे कोकणातले, 1895 ला ख्रिस्ती झाले, पुढे नगरला राहिले, देवळात म्हणजे चर्चमध्ये कीर्तनं केली आणि स्वतःच म्हणायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. काका विचार करून म्हणाले, "मग पूल आमचाच की." दोघं इतके हसले की मम्मीचा हात हलला आणि मशीनचा अलार्म वाजला. आता काका कधी उशिरा आले तर मम्मी दाराकडे बघत बसते. त्या हॉलमध्ये एखादा बेड रिकामा दिसला की कोणी काही विचारत नाही, त्यामुळे ते आत येताना दिसले की मी पण मनात एक आमेन म्हणून घेते, चालतं.

हां, तर बाटली. मी त्या सोमवारी मम्मीवर शेवटी तिचंच शस्त्र काढलं. म्हटलं, संडे स्कूलला तूच शिकवलंस ना, बायबलमधलं निर्गम 16, रानात देवाने दिलेलं अन्न म्हणजे मान्ना, रोजचा रोज गोळा करायचा, माणशी एक ओमर म्हणजे एक माप, ज्यांनी उद्यासाठी लपवून ठेवला त्यात किडे पडले. मग तू का लपवतेस?

मम्मी पायातल्या गोळ्यांनी दमलेली होती, पोटरी चोळत होती. थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "पुढे वाच की. मोशेच्या भावाने, अहरोनाने, मान्नाचं एक भांडं भरून ठेवलंच होतं ना. देवानेच सांगितलं होतं."

उघडून बघितलं, खरंच आहे, त्याच अध्यायात शेवटी. पुढच्या पिढ्यांना दाखवायला.

मग ती म्हणाली, "अगं पीत नाही मी त्यातलं रोज. त्या दिवशी फार घसा सुकला म्हणून प्याले, दोनदा भरून प्याले, चुकलंच. पण एरवी नुसती हात लावून झोपते."

मी काय बोलणार यावर. पणजीला मी बघितलेलं नाही, फोटोपण नाही एकही, पण त्या क्षणी दिसली.

आता असं ठरलंय की बाटली उशीमागेच राहील, फक्त झाकणावर मी चिकटपट्टी लावते. रोज रात्री प्रार्थना झाली की मम्मी चाचपून बघते आणि मी कॅल्क्युलेटर न उघडता झोपायचा प्रयत्न करते. परवा जमलं, काल नाही जमलं. चिकटपट्टी मात्र शाबूत आहे. आजचं वजन 1 किलो 900 जास्त, टेक्निशियनने अंगठा दाखवला, काका वेळेवर आले होते.